शहाणी झालीस म्हणजे

प्रिय पोरी,

तुझं पत्र काल मिळालं. आत्ती म्हणाली, "पोरगी शहाणी झाली, आता स्थळं बघा," आणि त्या रात्री तू जेवली नाहीस. पाळी आली की आपल्याकडं 'शहाणी झाली' म्हणतात. इतका चांगला शब्द, आणि त्याच दिवसापासून पोरीला काही विचारायचं बंद!

मला चार दिवस गोठ्याशेजारी बसवायचे. सहामाहीचे दोन पेपर त्यातच बुडाले. कित्येक वर्षं आईवर राग धरला मी. तिलाही तिच्या आईनं तसंच बसवलं होतं, हे फार उशिरा कळलं. म्हणून सांगते, आईशी भांडू नकोस. भाकऱ्या झाल्या की चुलीपुढं बस नि विचार, "तुझं लग्न झालं तेव्हा तू केवढी होतीस?" मग तिला बोलू दे.

बाबा म्हणतील, खानापूरला कॉलेजला रोज जायला पैसे कुठनं आणू? जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या बसला आपल्या बायामुलींना तिकीट नाही, हे त्यांना सांग. मग खरी भीती बाहेर येईल: लोक काय म्हणतील. त्या भीतीला हसू नकोस. रोजगारावर जगणाऱ्या घरानं अब्रूच तेवढी जपलेली असते. वाडीतली आणखी एक मुलगी सोबतीला बघ, दोघी मिळून जा. तरीही अठराच्या आत लग्न ठरवलंच, तर १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन लाव, पैसे पडत नाहीत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात असं लग्न मुळातच रद्द धरतात.

आणि कन्नड नीट शीक. मराठीसाठी आपल्या भागानं खूप सोसलंय, ती घरात नि मनात राहीलच. पण नाडकचेरीतला, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीतला अर्ज, बसची पाटी, रेशनची नोटीस कन्नडात असते. ती वाचता आली नाही, तर प्रत्येक वेळी कुणाच्या तरी तोंडाकडं बघावं लागतं. मी ते फार बघितलंय.

रोप लावणीला आईबरोबर जा, त्या पैशांची घराला गरज आहे. पण पी.यू.चं, म्हणजे अकरावीचं अ‍ॅडमिशन आधी.

सोमवारी दहाला मी खानापूर स्टँडवर असेन. मार्कलिस्ट, टी.सी. आणि आधार कार्ड आण. जात-उत्पन्नाचा दाखला नसेल तर त्याच दिवशी अर्ज देऊ, हॉस्टेलला नि स्कॉलरशिपला तो लागतो. आईलाही घेऊन ये. तिचंही आधार कार्ड घे, तिलाही तिकीट लागणार नाही.

तुझ्या बाई