सांगलीत गेस्ट आणि लाइव्ह गाण्यांसह विनोदी क्विझ शो चालेल का?

चालेल. पण तुम्ही प्रश्नात दिलेला आराखडा, म्हणजे दोन तासांचा शो, मालिकेतला एक ओळखीचा चेहरा, मागे बँड आणि 'जनरल नॉलेज'चे प्रश्न, जसाच्या तसा केलात तर मध्यंतरात वडा खायला गेलेली माणसं परत येणार नाहीत. गणपतीच्या आणि कॉलेजच्या स्टेजसाठी मी असे कार्यक्रम लिहितो, म्हणून जरा मोकळेपणाने सांगतो.

आधी गेस्टचं बघू, कारण घोळ तिथेच होतो. आपल्याकडे सेलिब्रिटी आला की शाल, श्रीफळ, नगरसेवकांचे दोन शब्द (दोन कधीच नसतात), मग 'सांगलीशी माझं जुनं नातं आहे' आणि सेल्फी. शाल काय ती ग्रीनरूममध्ये घाला. पाहुण्याला थेट खुर्चीत बसवा आणि ज्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही अशा विषयावर प्रश्न विचारा. अमेरिकेत एनपीआर रेडिओवर 'वेट वेट... डोन्ट टेल मी' हा कार्यक्रम 1998 पासून चालू आहे. त्यात पाहुण्याच्या फेरीचं नावच 'नॉट माय जॉब'. मोठ्या माणसाला भलत्याच विषयात अडकवायचं, एवढीच युक्ती.

आपल्याकडे ही युक्ती जास्त चालते, कारण हॉलमध्ये तासगाव-मिरजेकडचे द्राक्षबागायतदार बसलेले असतात. मुंबईहून आलेल्या नायिकेला विचारा: द्राक्षाच्या घडाचं डिपिंग म्हणजे काय? अ) घड चटणीत बुडवून खाणे. ब) मणी वाढावेत म्हणून घड जिब्रेलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवणे. क) बागेत शिरलेल्या डुकरावर गाडीचा डिपर मारणे. ती विचार करत 'क' म्हणणार आणि मागच्या रांगेतून आवाज येणार, "ताई, जीए! जीए!" त्या माणसाने आयुष्यात कधी क्विझमध्ये उत्तर दिलेलं नसतं. स्टेजवरच्यापेक्षा खुर्चीतल्याला जास्त माहीत असलं की हशा आपोआप येतो, निवेदकाला विनोद मारत बसावं लागत नाही. मागून उत्तरं ओरडणाऱ्यांना गप्प करू नका, त्यांच्यासाठीच हा खेळ आहे.

हाच नियम बाकीच्या प्रश्नांना. 'विष्णुदास भाव्यांच्या सीता स्वयंवर नाटकाचा पहिला प्रयोग कोणत्या साली झाला?' असं विचारलंत तर निम्मा हॉल '1843' म्हणेल, उरलेला निम्मा मोबाईल काढेल, आणि संपलं. साल विचारणं म्हणजे पाठांतर तपासणं. उत्तरापर्यंत चालत जाता येईल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ: 'जन्म सांगलीचा. 1952 साली मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने कसोटीतला पहिला विजय मिळवला, तेव्हा हा कर्णधार होता. नाव मी आत्ताच अर्धं सांगितलंय.' दोन सेकंद शांतता, मग कुणीतरी 'आयला, विजय हजारे!' म्हणतो आणि शेजारचा कपाळावर हात मारून घेतो. ते दोन सेकंद मिळाले की प्रश्न जमला असं मी समजतो.

आता संगीत. बँडला फेऱ्यांच्या मधे गाणी म्हणायला ठेवू नका, त्याला प्रश्नच गायला लावा. 'आस्क मी अनदर' नावाचा एनपीआरचाच शो होता, 2012 ते 2021. ओफिरा आयझेनबर्ग ही विनोदी कलाकार तो चालवायची आणि जोनाथन कुल्टन गिटार घेऊन ओळखीच्या चालींवर शब्द बदललेली कोडी गायचा. आपल्याकडे गिटारच हवी असं नाही. एक पेटीवाला, एक ढोलकी, आणि चाल ओवीची:

'भुईच्या पोटी गं माझं घर, तोंड वरून लिंपलेलं
हरिपूरचं गं पिवळं सोनं, पोटामध्ये जपलेलं
मी फुटलं की गल्लोगल्ली, क्लास आणि कॅफे झाले'

उत्तर पेव. हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. तिसऱ्या ओळीला यमक जुळत नाही हे मलाही दिसतंय, पण हशा तिथेच येतो म्हणून ती तशीच ठेवलीय.

चालींच्या हक्कांचं आधी बघून घ्या. सिनेमातली चाल तिकीट लावून वापरायची तर शब्द बदलले म्हणून सुटका नाही, आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) आणि हक्कदाराकडे विचारावं लागेल. संगीत नाटकांचा मात्र आपल्याला फायदा आहे. भारतात लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 ला गेले, आपल्या हरिपूरचे देवल 1916 ला. त्यामुळे 'सौभद्र' आणि 'शारदा' यांची पदं मोकळी आहेत. रेकॉर्डिंग लावू नका, त्याचे हक्क वेगळे असतात. पेटीवर वाजवा. सांगलीतल्या साठीच्या पुढच्या प्रेक्षकाला दोन सुरांत पद ओळखता येतं, आणि ते ओळखून तो जो भाव खातो तो बघण्यासारखा असतो.

बक्षिसावर पैसे घालवू नका. 'वेट वेट'मध्ये जिंकणाऱ्याला वृत्तनिवेदक कार्ल कॅसल यांच्या आवाजात घरच्या आन्सरिंग मशीनसाठी निरोप मिळायचा. तुम्ही पाहुण्याकडून व्हॉइस नोट घ्या: 'साहेब फडात आहेत, ऊस तुटल्यावर फोन करतील.' सोबत भडंगाचा पुडा. स्पॉन्सरचा मिक्सर दिलात तर माणसं खरोखर भांडायला लागतात.

हॉल म्हणाल तर पहिला प्रयोग कॉलेजच्या छोट्या हॉलमध्येच करा. भावे नाट्यमंदिर नंतर, आणि तिथे 5 नोव्हेंबरच्या आसपासची तारीख मागू नका. रंगभूमी दिन, भावे गौरव पदकाचा सोहळा, शिवाय छाटणीनंतरची बागांची कामं. बागायतदार फिरकणार नाही आणि डिपिंगच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मागे कुणी नसेल.