फ्रेम नंतर, आधी टायर

प्रश्न : वय ४६, वजन ८२ किलो. रोड सायकलवर त्र्यंबकपर्यंत जायचो, पण हायवेच्या वाहतुकीला आता कंटाळलोय. गिरणारे, दुगाव, वाघेरा भागात मुरमाच्या रस्त्यांवर आणि द्राक्षबागांमधून फिरायचं आहे. दुकानदार म्हणतो कार्बनची ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठी रुंद टायरची ड्रॉप हँडलवाली सायकल, घ्या. माझं बजेट फार तर साठ हजार. घरी मुलाची जुनी २६ इंची स्टीलची एमटीबी (माउंटन बाइक) पडून आहे, गिअरवाली, पुढे शॉकअप नाही. तिला रोड सायकलसारखं खाली वळलेलं ड्रॉप हँडल लावून ग्रॅव्हल सायकल करता येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कार्बनचा विचार सोडा. एमटीबी भंगारात देऊ नका. पण ड्रॉप हँडल तिला लावू नका, त्याचं कारण पुढे सांगते.

कच्च्या रस्त्यावर अंगाला बसणारे हादरे सगळ्यांत जास्त टायर झेलतो. स्टील की अल्युमिनियम यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण फ्रेम लवून लवणार किती? ४० मिलिमीटरचा टायर बेताच्या हवेवर तिच्या कितीतरी पट दबतो. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा : हिच्यात किती रुंद टायर बसतो?

टायरच्या कडेला बारीक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ४०-६२२. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६२२ म्हणजे दुकानात ज्याला ७०० म्हणतात ते चाक. २९ इंची एमटीबीचंही तेच. तुमच्या सायकलवर बहुतेक ५५९ असेल. आता ६ नंबरची ॲलन की घ्या आणि टायर नि मागच्या चिमट्याच्या मधून सरकवून बघा, दोन्ही बाजूंनी आणि वरूनही. न घासता गेली तर जागा पुरेशी. अडकली तर टायर बारीक घ्या, नाहीतर ती फ्रेम सोडा. निफाड-सिन्नरकडची काळी माती ओली झाली की याच फटीत थापली जाते आणि चाक जागच्या जागी अडतं. कोरड्या दिवसांत तिथे बारीक खडे अडकतात आणि फ्रेमचा रंग खरवडून काढतात. तुमच्या एमटीबीत दोन इंची टायर सहज बसेल. नव्या सायकलीत मात्र हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट गिअरची. सुट्या खडीच्या चढावर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक नुसतं फिरतं, बसूनच चढावं लागतं. त्यामुळे हलका गिअर हवाच. ग्रॅव्हल सायकलला पुढे एकच ४० दात्यांचं चक्र आणि मागे सर्वांत मोठं ४२ असेल, तर पायडलच्या एका फेरीत चाक ०.९५ फेरी फिरतं. हा आकडा जितका लहान, तितका चढ हलका. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोने २०१९ मध्ये खास ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स ही गिअर-ब्रेकची मालिका आणली. तिच्यात पुढे ३० आणि मागे ३४ घेतलं तर हा आकडा ०.८८ होतो. तीन चक्रांच्या जुन्या एमटीबीला पुढे २२ आणि मागे २८ असणं नेहमीचंच, म्हणजे ०.७९, आणि वर चाकही लहान. दाते मोजून बघा. तुमच्या वयाला आणि वजनाला घरातलीच सायकल चढावर जास्त साथ देईल.

आता हँडल. जुन्या एमटीबीचे व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) जेवढी तार ओढायला मागतात, तेवढी रोडच्या ब्रेक लिव्हर ओढत नाहीत. लिव्हर हँडलला टेकते तरी ब्रेक धड लागत नाही, आणि उतारावर ते जिवावर बेतेल. गिअर बदलणाऱ्या शिफ्टरचंही गणित जुळत नाही. शिवाय एमटीबीची वरची नळी लांब असते. ड्रॉप हँडलमुळे हात आणखी पुढे जातात आणि पाठ धरते. त्याऐवजी मागे वळलेलं सपाट हँडल आणि आखूड स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लावा, लिव्हर आहेत त्याच राहू द्या.

बाकी पैसे इथे घाला : दोन चांगले टायर, नवी चेन आणि फ्रीव्हील एकदमच, नव्या तारा, नवे ब्रेक-पॅड, बीबी (पायडलच्या आसाचं बेअरिंग) आणि दोन्ही हबांचे छर्रे बदलून ताजं ग्रीस. चाकांची आउट (वाकडेपणा) नीट काढून घ्या. फ्रेमला तडा असेल तर सातपूर किंवा अंबडला पातळ नळी टिग वेल्डिंगने सांधणारा कारागीर शोधा. मला स्टील आवडतं ते याच दुरुस्तीच्या सोयीसाठी. हवा मागे ४०, पुढे ३५ पीएसआयपासून सुरू करा आणि थोडी थोडी कमी करत जा. रिम दगडाला लागायला लागली की पुन्हा थोडी वाढवा.

पावसाळा आणि द्राक्षाचा हंगाम, दोन्ही या सायकलवर काढा. तरी नवी घ्यावीशी वाटली तर अल्युमिनियमची घ्या, ४५ मिलिमीटर टायरची जागा असलेली, आट्यांची बीबी आणि तारेचे डिस्क ब्रेक. तार तुटली तर सोबतची तार बांधावर बसून बदलता येते. तेलाचा ब्रेक गळला तर तिथे काहीच करता येत नाही. आणि एक विनंती : बागांमधले रस्ते शेतकऱ्यांचे आहेत. काढणी चालू असताना ट्रॅक्टर दिसला की उतरून बाजूला व्हा.

प्रश्न : कालव्याकाठच्या रस्त्यावर सराटे आणि बाभळीचे काटे फार. ट्यूबलेस करावं का?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : रिम ट्यूबलेसची असेल तर जरूर करा. अशी बारीक भोकं टायरमध्ये भरलेला पातळ चिकट द्रव, म्हणजे सीलंट, चालता चालता बुजवतं. मात्र आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते लवकर सुकतं, तेव्हा दोन महिन्यांनी टायर हलवून बघा. आत पातळ काही हलल्याचा आवाज आला नाही तर नवीन भरा. साधी रिम असेल तर ट्यूबच ठेवा. पंक्चर काढताना टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. मोडलेलं टोक फडक्यात अडकतं आणि बोटही वाचतं. ते काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका.