केस आहे, मग पोलीस होता येईल का?

भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलायला मी समुपदेशक म्हणून वेगवेगळ्या अकॅडम्यांमध्ये जाते. सगळ्यांसमोर विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात: उंची अर्धा सेंटीमीटर कमी भरते, गोळा लांब जात नाही, गणित कच्चं आहे. पण सगळे पांगल्यावर एखादा मुलगा बुटाची लेस बांधत मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, "मॅडम, माझ्या एका मित्रावर केस आहे. त्याला पोलिसात घेतील का?" तो मित्र बहुतेक वेळा तो स्वतःच असतो.

हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. आपल्याकडे बांधावरून भांडण झालं की फिर्यादीत अख्ख्या घराची नावं जातात. मारणारा एक, सोडवणारे दोन, पण आरोपी सहा. मिरवणुकीत धक्काबुक्की झाली तरी तेच. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर त्यात अडकतं आणि तेच पोर पुढे पहाटे चार वाजता उठून भरतीसाठी पळायला लागतं.

असाच एक मुलगा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. जागा जास्त निघतात म्हणून त्याने मुंबईचा फॉर्म भरला होता. सोळाशे मीटर तो ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारायचा, म्हणजे २० पैकी २०. सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा गोळा साडेआठ मीटरच्या पुढे टाकायचा, तिथेही पूर्ण १५. मैदानी चाचणीच्या ५० गुणांची त्याला काळजीच नव्हती. लेखी मात्र जवळ आली होती आणि पुस्तक उघडलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. "एकाग्रता वाढवायचा उपाय सांगा," एवढीच त्याची मागणी होती.

पहिल्या दोन-तीन भेटींत अभ्यास, झोप, मोबाईल असंच बोलणं झालं. मला ते पटत नव्हतं. पुस्तकाची भीती वाटणारा मुलगा निकालाबद्दल बोलतो. हा निकालाच्या पुढच्याच गोष्टी विचारायचा. व्हेरिफिकेशनला कोण येतं? गावात चौकशी करतात का? शेवटी मीच विचारलं, "लेखी पास झालास तर काय होईल?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग कागद भरायला लागतील."

तिथून सगळं बाहेर आलं. एकोणीस वर्षांचा असताना चुलत्याशी बांधावरून भांडण झालं होतं. वडील, थोरला भाऊ, हा आणि घरातले आणखी काही जण, सगळ्यांवर गुन्हा. १४३, १४७, ३२३, ५०४, ५०६ ही बेकायदा जमाव, दंगल, मारहाण, अपमान, धमकीची कलमं त्याला पाढ्यासारखी पाठ होती. तीन वर्षं तारखा झाल्या. मग घरात समेट झाला, चुलत्याने कोर्टात साक्ष फिरवली आणि सगळे निर्दोष सुटले.

"वडील म्हणतात, सुटलास ना, मग लिहू नको. कोण बघतंय?"

"आणि तू काय म्हणतोस?"

"लिहिलं तर घेणार नाहीत. नाही लिहिलं तर रोज भीती."

इथे कायद्याची बाजू सांगते. मी वकील नाही, पण हे प्रत्येक उमेदवाराने माहीत करून घ्यावं. निवड यादीत नाव आलं की वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते. त्यासाठी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, म्हणजे साक्षांकन नमुन्यात, सरळ विचारलेलं असतं: अटक झाली होती का, खटला चालला का, शिक्षा झाली का, काही प्रलंबित आहे का. ते कागद तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जातात. ठाण्यांच्या नोंदी आता सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत असतात, त्यामुळे 'कोण बघतंय' हा सल्ला जुन्या काळातला झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सगळे मुद्दे एकत्र मांडले. माहिती खरीच द्यायला हवी. दडवणं हेच नेमणूक रद्द व्हायचं कारण ठरू शकतं. प्रकरण अगदी किरकोळ असेल, तर दडवल्याचीही चूक पोटात घालायची मुभा अधिकाऱ्यांना आहे. मात्र खरं सांगितलं म्हणून नेमणूक हक्काने मागता येत नाही. त्याआधी २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांच्या मेहर सिंग प्रकरणात न्यायालयाने हेही म्हटलं होतं की तडजोडीने किंवा साक्षीदार फिरल्यामुळे सुटका झाली असेल, तर छाननी समिती त्या प्रकरणाकडे स्वतंत्रपणे बघू शकते.

म्हणजे या मुलाला 'काही होणार नाही' असं सांगणं खोटं ठरलं असतं आणि खोटा दिलासा मी देत नाही. घटनेच्या वेळी अठरा पूर्ण नसलेल्यांची गोष्ट वेगळी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ त्यांना अपात्रतेपासून संरक्षण देतं. त्यांनी ते वकिलाकडून आधी समजून घ्यावं.

मग माझं काम काय उरलं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. मी त्याच वाटेने काम करते. प्रसंगाने माणूस जेवढा खचतो, त्याहून जास्त तो प्रसंगावरून स्वतःला मारलेल्या शिक्क्याने खचतो, हे मी शेकडो मुलांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे.

मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, नमुन्यात जे लिहिशील ते इथे लिही. त्याने पानभर लिहिलं. चुलत्याने आजोबांना कसं फसवलं, वडील किती साधे, आपण त्या दिवशी फक्त भावाला ओढायला कसे गेलो. प्रत्येक ओळीत तो हात जोडून उभा होता.

मी कागद उलटा केला. "आता हा अर्ज तुझा नाही. तू मुंबईत एका ठाण्यात ड्युटीवर आहेस. पडताळणीसाठी एका पोराचा कागद तुझ्या टेबलावर आला. तुला काय हवंय?"

पहिल्यांदा त्याचा आवाज बदलला. पाठ ताठ झाली. "गुन्हा नंबर. कोणतं ठाणं. कलमं. कोर्टाचा निकाल, तारीख."

"चुलत्याची गोष्ट?"

"ती नकोय."

"तो पोरगा चांगला की वाईट?"

"ते कागदावरनं कसं कळेल मॅडम?"

असं म्हणाला आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मीही काही बोलले नाही. समुपदेशकाने अशा वेळी तोंड उघडलं की हातातलं निसटतं, हे मी अनुभवाने शिकले आहे. थोड्या वेळाने त्याने स्वतःच कागद पुन्हा उलटा केला, पानभर मजकुरावर रेघ मारली आणि खाली तीन ओळी लिहिल्या. गुन्हा नंबर, ठाणं, कलमं. न्यायालय, निकालाची तारीख. निर्दोष मुक्तता. मग मान खाली घालून रडला.

त्याची भीती नाकारलं जाण्याची आहे असं त्याच्या घरच्यांना वाटत होतं. मला दिसलं ते वेगळं. आरोपींच्या यादीत आपलं नाव आहे म्हणजे आपण मुळातच कमअस्सल आहोत, असा निवाडा त्याने चार वर्षांपूर्वीच स्वतःवर देऊन टाकला होता. सोळाशे मीटरला पहिला येऊन तो रोज त्या निवाड्यावर अपील करत होता. लेखी जवळ आली तशी ती सुनावणीही जवळ आली, म्हणून पुस्तक मिटत होतं. घटना खरी, नोंद खरी, पण तिने अख्ख्या माणसाचं मोल ठरत नाही. शिवाय उद्या ज्याला दुसऱ्यांची नावं अशा रकान्यांत लिहायची आहेत, त्याला स्वतःचं नाव तिथे स्वच्छ अक्षरात लिहिता आलंच पाहिजे. मला विचाराल तर प्रशिक्षणाआधीची ही त्याची खरी तयारी होती.

राहिलेल्या भेटींत दुसऱ्या गाठीवर काम केलं: 'मला घ्यायलाच पाहिजे.' २०२४ च्या भरतीत १७ हजारांहून थोड्या जास्त जागांना १७ लाखांहून जास्त अर्ज होते. तिथे 'घ्यायलाच पाहिजे' हा हट्ट मुलाला आतून पोखरतो. "घेतलं तर आनंद. नाही घेतलं तर फार वाईट वाटेल, पण मी शिल्लक राहीन," हे वाक्य त्याला घशाखाली उतरायला वेळ लागला. वडिलांना एकदा बोलावून घेतलं. त्यांना एवढंच म्हटलं, "तुमच्या भांडणात त्याचं नाव गेलं. आता खरं लिहिण्यात त्याला साथ द्या." ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी मुलगा म्हणाला, वडील स्वतः तालुक्याच्या कोर्टात जाऊन निकालाची नक्कल घेऊन आले.

आईवडिलांना आणि अकॅडमी चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, 'लिहू नको' हा सल्ला देऊ नका. नोकरी लागल्यावर वर्षाने दडवलेलं उघडं पडून घरी आलेला मुलगा सावरायला फार जड जातो. मी तेही पाहिलं आहे. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) आहे, चॅप्टर केस (शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) आहे, ती धरायची की नाही कळत नसेल, तर नमुन्यातला प्रश्न शब्दशः वकिलाला वाचून दाखवा आणि मग उत्तर ठरवा.

त्याचं नाव निवड यादीत आलं. कागदपत्रांच्या दिवशी संध्याकाळी फोन आला. टेबलामागच्या साहेबांनी त्या तीन ओळी वाचल्या, "निकालाची प्रत?" एवढं विचारलं, त्याने दिली, आणि त्यांनी पुढचं पान उलटलं. फाईल छाननीला गेली. आदेश इतरांपेक्षा उशिरा आला, पण आला. त्या मधल्या काळात तो रोज पळत होता आणि नीट झोपत होता, हे मला आदेशाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

ज्यांच्या बाबतीत असं काही आहे, त्यांनी निकालाच्या नकलेसाठी आत्ताच अर्ज करावा. जुनी प्रकरणं रेकॉर्डमधून काढायला कोर्टात वेळ लागतो आणि यादी लागल्यावर हातात दिवस कमी असतात.