दिवसभर उभे राहिल्यावर पाय का सुजतात?

आपल्या प्रश्नाचे उत्तर शिरांच्या रचनेत आहे. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त धमन्यांत ढकलते. पण केशवाहिन्या, म्हणजे धमन्या व शिरांना जोडणाऱ्या अतिबारीक रक्तवाहिन्या, ओलांडेपर्यंत तो दाब बराच ओसरतो. चालताना पोटरी आवळली, की शीर दाबली जाऊन रक्त वर सरकते आणि आतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. पोटरी स्थिर राहिली, की रक्त खाली साचते आणि केशवाहिन्यांतून पाणी भोवताली झिरपते, तीच सूज. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना तासन्‌तास उभे राहणाऱ्या माझ्या वडिलांच्या घोट्यांवर संध्याकाळी मोज्यांचे खोल वळ दिसत. अधूनमधून टाचा उचलाव्यात. एकाच पायाला अचानक सूज व वेदना आल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते.