लेखी नसलेला शब्द पाळणारा माणूस धंद्यात मागे पडतो का?

तुम्ही विचारलंय, की कागदावर नसलेला शब्द पाळणाऱ्याला आजच्या व्यवहारात काही किंमत आहे का, की तो नुसतं स्वतःचं नुकसान करून घेतो. मी करवीर तालुक्यातला. आमचं गुऱ्हाळ आजोबांपासूनचं. नुकसान होतं, हे आधीच कबूल करतो. पण मी एकदा शब्द मोडूनही बघितलाय, त्यामुळे त्या बाजूचंही सांगतो.

कोल्हापुरात गंगावेशीला दूध कट्टा आहे. म्हशी तिथं आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतात. लोक पेला फेसासकट तोंडाला लावतात. गवळ्याला ‘पाणी घातलेलं नाही’ असं सांगावं लागत नाही, डोळ्यांना दिसतंयच. गुळाचं तसं नाही. रवा, म्हणजे गुळाची ढेप, एकदा बांधला की आत काय गेलंय ते मालकाला आणि गूळ करणाऱ्या कारागिराला, गुळव्यालाच ठाऊक. घेणारा रंग बघतो, कणी बघतो, खडा जिभेवर ठेवतो आणि उरलेलं सगळं आमच्या बोलण्यावर घेतो. माझ्या मते शब्दाची खरी गरज तिथंच असते, जिथं समोरच्याला बघता येत नाही.

आणि तिथंच खोटं बोलायला पैसे मिळतात, हेही खरं. रस उकळताना काहिलीत रानभेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते ती काढून टाकायची, थोडा चुना घालायचा. एवढ्यावर होणारा गूळ तांबूस असतो, कधी काळपट. सौद्यात, म्हणजे लिलावात, दर चढतो तो पिवळ्याधमक रव्याला. पिवळा करायला हायड्रॉस पावडर टाकतात. रंग लगेच उघडतो, पुढं पुन्हा काळवंडतो, पण तोवर माल गुजरातला पोचून विकलेला असतो. आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ही पावडर गुऱ्हाळात येऊ दिली नाही. लहानपणी मी त्यांच्याबरोबर मार्केट यार्डात जायचो. व्यापारी आमच्या रव्यांसमोर थांबायचे, टोकरून बघायचे आणि पुढं सरकायचे. शेवटी दर निघायचा तो शेजारच्या ढिगापेक्षा कमीच. आण्णा विक्रीच्या हिशेबाची पट्टी घडी घालून खिशात ठेवायचे आणि मला भजी खायला न्यायचे. तो तोटा त्यांनी तीस-पस्तीस हंगाम सोसला. म्हणून ‘प्रामाणिकपणाचं फळ मिळतंच’ असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तुम्ही लेखी-तोंडीचं विचारलंय, तर तेही. तोंडी करार आपल्याकडे बेकायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी ठरलेला व्यवहारही करारच असतो. जमिनीच्या विक्रीसारख्या काही गोष्टींना नोंदणीकृत दस्त लागतो, तो भाग वेगळा. अडचण येते ती सिद्ध करताना. आण्णांनी एका अडत्याकडून उचल घेतली होती. त्याच्या वहीत आकडा, सही कुणाचीच नाही. दोन हंगाम वाईट गेले, मग तो अडत्या आजारी पडला, आणि विषय निघाला तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती. नात्यातल्या वकिलांनी सांगितलं, मुदत तीन वर्षांची, ती गेली, आता दावा चालत नाही. ते बरोबरच होतं. पण मुदत संपते ती दाव्याची, देणं तसंच राहतं. त्याच करार कायद्याच्या कलम २५ मध्ये अशीही सोय आहे, की मुदत गेलेलं कर्ज फेडीन असं कर्जदारानं सही करून लिहून दिलं, तर ते पुन्हा बंधनकारक होतं. आण्णांनी लिहून दिलं आणि दोन हंगामांत फेडलं. वकील काका बराच काळ त्यांच्याशी बोलत नव्हते.

आता माझं सांगतो.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. महामार्ग बंद, गावात नावा. आमचा मळीचा, म्हणजे नदीकाठच्या रानातला, ऊस कितीतरी दिवस पाण्याखाली होता. पाणी उतरलं तेव्हा शेंडे कुजलेले, कांड्यांना पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटलेल्या. अशा उसाच्या रसाचा गूळ बसत नाही. चिकट होतो, हाताला लागतो, रवा उभा राहत नाही. गुळव्या म्हणाला, दर आधणाला, म्हणजे काहिलीभर रसाला, अर्धं पोतं साखर टाकूया, कणी धरंल. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारनं साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये केला होता. आमचा गूळ घरगुती गिऱ्हाइकाला त्याहून बऱ्याच जास्त दरानं जायचा. म्हणजे गूळ तर बसणार होताच, वर पैसेही सुटणार होते. मी हो म्हटलं. आण्णा तेव्हा पायाच्या दुखण्यानं घरीच असायचे.

शिवाजी पेठेतल्या एक काकू दर हंगामाला आमच्याकडून दहा किलोचा रवा नेत. त्यांचा फोन आला. ‘साखर न्हाई न्हवं घातलेली?’ मी म्हटलं, ‘नाही काकू.’ एवढंच. मला त्या वेळी काही वाटलंसुद्धा नाही, हे सांगायला आज जड जातं.

अकरा दिवसांनी आण्णा काठी टेकत गुऱ्हाळावर आले आणि कोपऱ्यात पडलेली रिकामी पोती त्यांनी बघितली. ओरडले नाहीत. रात्री जेवताना विचारलं, ‘कुणी इचारलं हुतं काय?’ मी म्हटलं, ‘काकूंनी.’ त्यांनी ताटावरचा हात काढला. ‘मग उद्या जाऊन सांगून ये.’

नुसत्या काकूच नाहीत, त्या हंगामात ‘बिनसाखरेचा’ म्हणून माल दिलेली सतरा घरं होती. सोळा जणांना फोन केले. तिघांनी पैसे परत मागितले, दिले. बऱ्याच जणांनी ‘असू दे हो, पुराचं साल’ म्हणून सोडून दिलं, आणि मला वाटलं सुटलो. काकूंच्या घरी मात्र स्वतः गेलो. चहा ठेवला होता त्यांनी. मी सांगून टाकलं. त्या गॅस बंद करून आल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, त्यातला निम्मा मी लेकीच्या सासरी धाडलाय. तिथं मी सांगून बसलोय, बिनसाखरेचा हाय म्हणून. आता माझं काय?’ (आमच्याकडच्या जुन्या बायका ‘बसलोय’च म्हणतात.)

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एकदा खोटं बोललो होतो, पण ते तिथून पुढं एका खऱ्या बाईच्या तोंडून गेलं होतं. तिच्या व्याह्यांनी गूळ घेतला तो तिच्या शब्दावर. मला त्या घरात कुणी ओळखतही नव्हतं. मी लेकीच्या सासरचा, साताऱ्याचा नंबर घेतला, काकूंसमोरच फोन लावला आणि पलीकडच्या अनोळखी गृहस्थांना सांगितलं, की काकूंना यातलं काही माहीत नव्हतं, चूक माझी. ते ‘बरं बरं’ म्हणाले. चहा तसाच राहिला.

पूर आला म्हणून शब्द पाळता न येणं कुणीही समजून घेतं. गूळ बसत नव्हता तर ‘यंदा नाही जमत’ एवढं मला सांगता आलं असतं, आणि काकूंनी दुसरीकडून घेतला असता. तुमच्यावर तशी वेळ आली तर ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी सांगा, आणि कारण मागाहून सांगा. मी प्रत्येक फोनची सुरुवात पुरानं केली होती. पहिल्या दोन-तीन फोननंतर माझं मलाच ते ऐकवेना.

पुढची दोन वर्षं काकूंचा फोन आला नाही. मीही केला नाही. तिसऱ्या वर्षी पाडव्याचे सौदे होऊन गेल्यावर आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट विचारलं, ‘यंदा काय घातलंयस?’

‘भेंडी आणि चुना, काकू. आणि रंगाला काळा आलाय यंदा.’

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, ‘पाच किलोचा ठेव.’