पीएचडी अर्धवट पडलीय, हात लावायला मन होईना

प्रश्न: शिवाजी विद्यापीठात पीएचडी करतेय, हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवर. मधेच टीबी झाला, वर्ष गेलं. आता औषधं संपलीत, डॉक्टर म्हणतात बरी आहेस, पण फाइल उघडली की डोकंच बंद. मुदतीचंही टेन्शन. सोडून देऊ का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: अगं, सोडायचा निर्णय आत्ता नकोच. आधी मुदतीचं बघू, ती धास्ती असली की काही सुचत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत ६ वर्षं आहेत, पुनर्नोंदणी केली की आणखी २, आणि बायकांना त्यावर अजून २, म्हणजे जास्तीत जास्त १०. तुझी नोंदणी त्याआधीची असेल तर विभागात विचारून घे. मेडिकल सर्टिफिकेट जोडून लेखी अर्ज दे, तोंडी सांगून भागत नाही. गाईडना फोन करायला लाज वाटत असेल तर दोन ओळींचा मेसेज टाक, बास.

आणि लगेच प्रकरण लिहायला बसू नकोस गं, त्यापेक्षा ऊन चढायच्या आत हरिपूरला जा, पेवात हळद ठेवलेले कुणी आजोबा भेटले तर त्यांच्याशी गप्पा मार, २००५ च्या पुरात काय काय गेलं ते विचार, आणि घरी येऊन तेवढंच टाइप कर. दमलीस तर झोप. अशक्तपणा जातच नसेल तर डॉक्टरांना परत दाखव, आळस समजून स्वतःला बोल लावू नकोस. घरच्यांना मात्र बजाव, रोज 'कधी संपणार' विचारायचं नाही.