एका इंजेक्शनामागे किती स्पंज?

प्रश्न : माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी एरिब्युलिन हे इंजेक्शन सुरू झाले आहे. ते समुद्री स्पंजापासून मिळते, असे वाचनात आले. एका रुग्णासाठी असे किती जीव काढावे लागत असतील? खोल समुद्रात अशी आणखी औषधे सापडतील का?
– एक वाचिका, मालवण

उत्तर : तुमच्या मावशीच्या इंजेक्शनासाठी एकही स्पंज समुद्रातून काढलेला नाही, हे आधी सांगायला हवे. हे औषध आज साठाहून अधिक रासायनिक टप्प्यांतून कारखान्यातच तयार होते. मात्र त्याचा मूळ आराखडा स्पंजाचाच आहे.

स्पंज हा प्राणी जन्मभर एका जागी चिकटून राहतो. त्याला ना कवच, ना दात, ना पळून जाण्याची सोय. त्यामुळे शत्रूला दूर ठेवण्याचे काम त्याच्या अंगातील रसायनेच करतात आणि पुष्कळदा ती स्पंजात वस्तीला असलेले जीवाणू बनवतात. 1986 साली जपानमध्ये हिराता आणि उएमुरा यांनी 600 किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन-बी हा रेणू वेगळा केला, तेव्हा हाती लागले अवघे 12.5 मिलिग्रॅम. कर्करोगाच्या पेशींचे विभाजन थांबवण्याची त्याची ताकद मोठी होती. प्रश्न होता तो एवढा आणायचा कोठून.

न्यूझीलंडच्या कैकोरा किनाऱ्याजवळ, सुमारे 100 मीटर खोलीवर, हाच रेणू अधिक प्रमाणात असलेला दुसरा स्पंज आढळला. त्याचा एक टन माल काढला, त्यातून 310 मिलिग्रॅम मिळाले. त्या जातीचा तिथला एकूण साठाच सुमारे 300 टन असल्याचा अंदाज होता, म्हणजे सगळा समुद्रतळ खरवडून काढला असता तरी शंभर ग्रॅमसुद्धा भरले नसते. ही वाट बंद झाली हे चांगलेच झाले, असे मला मनापासून वाटते.

हार्वर्डमधील योशितो किशी यांनी 1992 मध्ये हा अवाढव्य रेणू प्रयोगशाळेत जुळवून दाखवला. पुढे असे लक्षात आले की कर्करोगाविरुद्धचा गुण त्याच्या एका अर्ध्या भागातच आहे. त्या भागावरून घडवलेल्या एरिब्युलिनला अमेरिकेत 2010 मध्ये मान्यता मिळाली. एका वेळच्या इंजेक्शनात ते साधारण दोन-अडीच मिलिग्रॅम असते. ज्या चाचणीवरून मान्यता मिळाली, तीत आधी बरेच उपचार होऊनही आजार पसरलेल्या रुग्णांचे आयुष्य सरासरी अडीच महिन्यांनी वाढले होते. एवढ्यावरून मावशीच्या बाबतीत अंदाज बांधू नये. त्याविषयी त्यांच्या डॉक्टरांशीच बोलावे.

आणखी औषधे सापडतील का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. हजार मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या सुमारे शंभरपट असतो, अंधार आणि थंडी कायमची असते, आणि तिथे टिकणाऱ्या जीवांची रसायनेही वेगळी असू शकतात. शिवाय आता टनावारी माल उपसण्याची गरज नाही. लहानशा तुकड्यातील जनुके वाचून तो रेणू कोण आणि कसा बनवतो, याचा माग काढता येतो. भारताच्या 2021 मध्ये मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेत या जीवांचा अभ्यास आहे, तसेच मध्य हिंद महासागराच्या तळावरील धातूंचे गोळे काढण्याचे तंत्रही आहे. मऊ गाळाच्या त्या तळावर स्पंजांना चिकटायला असे गोळेच मिळतात. म्हणून गोळे उचलण्याआधी त्यांच्यावर कोण राहते याची नोंद पूर्ण व्हावी, असा माझा आग्रह आहे.